सांगणं आणि मागणं

८ मार्चच्या आसपास तालुक्याच्या कुठल्याही सभागृहात गेलं तर एक प्रसंग हमखास बघायला मिळतो. पाहुण्यांचे सत्कार उरकतात, शाल-श्रीफळ होतं आणि सूत्रसंचालिका जाहीर करते, ‘आता आपल्या ताई मनोगत व्यक्त करतील.’ बचत गटातली एक बाई बिचकत माइकपाशी येते. नवरा दारूपायी गेला, दिरानं सातबाऱ्यावर नाव लागू दिलं नाही, दोन लेकरं घेऊन माहेरी आले, शिवणकाम करून पोरं शिकवली, असं ती सांगते. मध्येच तिचा गळा दाटून येतो. पुढच्या रांगेतल्या बाया पदरानं डोळे टिपतात. टाळ्या होतात. प्रमुख पाहुणे भाषणात तिला ‘रणरागिणी’ म्हणतात आणि चहा-नाश्त्याची घोषणा होते. सातबाऱ्यावर तिचं नाव काही लागत नाही. सभागृहात तलाठी बसलेला असतो, कधी तहसीलदारही असतात. त्यांना कुणी काही विचारत नाही.

हे मला फार वर्षं खटकत आलं आहे. त्या बाईचं सांगणं खरं असतं, ऐकणाऱ्यांची आसवंही खरी असतात, आणि तरी तिथं काही घडत नाही. याच जगात अशीही माणसं होऊन गेली ज्यांनी स्वतःवर गुदरलेलं चार लोकांत सांगितलं आणि त्यातून कायदे झाले, हिशेब उघडे पडले, गावांच्या रूढी मोडल्या. ही माणसं काही जन्मजात वक्ते नव्हती. बरीचशी निरक्षर किंवा चौथी-पाचवी शिकलेली होती. ती सांगायला शिकली. आपल्याकडे शाळेपासून वक्तृत्व स्पर्धा घेतात, थोरांचे विचार पाठ करून हातवारे करत म्हणायला लावतात. स्वतःची गोष्ट सांगून समोरच्याला कामाला कसं लावायचं, हे कुणी शिकवत नाही. ते शिकवता येतं आणि शिकवलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

मराठीत या विद्येचा एक फार जुना आणि फार चांगला नमुना आहे. १८५५ साली ‘ज्ञानोदय’च्या १५ फेब्रुवारी आणि १ मार्चच्या अंकांत एक निबंध दोन भागांत छापून आला. लिहिणारी मुक्ता साळवे ही जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकणारी मातंग समाजातली मुलगी, वय चौदाच्या आसपास. विषय मांग-महारांच्या दुःखाचा. ही मुलगी दुःखाचं सरसकट वर्णन करत बसत नाही. आपल्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परसुद्धा नसतं, थंडी-वारा-पावसानं त्यांचं काय होत असेल, हे ती सांगते आणि वाचणाऱ्याला बजावते की स्वतःच्या अनुभवावरून याचा विचार करून पाहा. वाचणारे ज्या घरांतले होते त्या घरांतही बाळंतपणं होतच होती. एवढ्या एका वाक्यानं तिनं वाचकाला त्याच्याच माजघरात नेऊन बसवलं. मग तिचा धर्माबद्दलचा सरळ सवाल येतो: वेद जर फक्त ब्राह्मणांचे, तर आमचा धर्म कुठला? आणि शेवटाकडे ती आपल्याच माणसांकडे वळून त्यांना शिका म्हणून सांगते. स्वतःचं दुःख, ऐकणाऱ्याशी जोडलेला दुवा, अडचणीत टाकणारा प्रश्न आणि करायची गोष्ट, इतकं सगळं पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका शाळकरी मुलीनं बांधून दिलं होतं.

त्यानंतर ऐंशी वर्षांनी डॉ. आंबेडकरांनी आपल्या आठवणींचं एक छोटं टिपण इंग्रजीत लिहिलं, ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. ते १९३५-३६च्या सुमाराला लिहिलेलं आहे, पुस्तिका म्हणून निघालं १९९० साली. त्याच्या सुरुवातीलाच बाबासाहेबांनी आपली पद्धत सांगून टाकली आहे. परदेशातल्या माणसाला अस्पृश्यता असते हे ठाऊक असतं, पण ती जाचते कशी हे उमगत नाही. ते पोचवायचे दोन मार्ग आहेत, एक सर्वसाधारण वर्णनाचा आणि दुसरा घडलेल्या प्रसंगांचा. दुसरा जास्त परिणाम करतो म्हणून आपण तो घेतला, असं ते म्हणतात. अर्थशास्त्रात आणि कायद्यात पारंगत असलेला, आकडेवारीवर हुकमत असलेला माणूस जाणूनबुजून प्रसंगाकडे वळतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आणि तो पहिला प्रसंग! वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर खजिनदार. भीमराव तेव्हा नऊ वर्षांचे, सुट्टीत घरातल्या मुलांबरोबर त्यांना भेटायला निघाले. नवे सदरे, झगमगत्या टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरं. मसूर स्टेशनावर उतरले तर न्यायला कुणी नाही. स्टेशनमास्तर आधी आपुलकीनं चौकशी करतो आणि जात कळताच पाच पावलं मागं सरतो. बैलगाडीवाला दुप्पट भाड्यावर कसाबसा तयार होतो, पण गाडी मुलांनीच हाकायची, तो बाजूनं चालणार. रात्र होते. मुलांजवळ जेवण आहे, पाणी नाही. टोलनाक्यावर मागितलं तर तिथंही मिळत नाही. घास न गिळता मुलं झोपतात.

या सगळ्यात ‘अन्याय’, ‘वेदना’, ‘अमानुष’ असे शब्द किती कमी लागतात बघा. टोप्यांचा झगमगाट सांगितला आहे, मागं सरलेली पावलं मोजून सांगितली आहेत. राग आपल्याला येतो, लिहिणारा तो आपल्यावर लादत नाही. सांगायला शिकणाऱ्यानं पहिला धडा इथून घ्यावा. आपल्या मनोगतांत हेच बिघडतं. ‘खूप त्रास झाला’, ‘फार सोसलं’ या शब्दांनी ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं काही उभं राहत नाही. कुठल्या महिन्यात, कुणाच्या ओसरीवर, कुणी काय म्हटलं हे कळलं की उभं राहतं.

महाडलाही तेच पाणी होतं. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर हजारो माणसं गेली, त्यातल्या जवळपास प्रत्येकाच्या पोटात अशी एखादी तहान होती. पण तिथली मागणी ‘आम्हाला माणुसकीनं वागवा’ इतकी मोघम ठेवलेली नव्हती. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळानं १९२३ सालीच मंजूर केला होता. त्या ठरावातलं पाणी, या तळ्यातलं, आज, आम्ही आमच्या हातानं पिणार. सोसलेलं प्रत्येकाचं निराळं होतं, पण सगळ्यांची मागणी मिळून एकच होती.

इथं एका प्रयोगाची आठवण करून देतो. २००७ साली डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टीन आणि पॉल स्लोविक या अमेरिकी संशोधकांनी तो प्रसिद्ध केला. लोकांच्या हाती पाच डॉलर देऊन भूकग्रस्तांसाठी दान मागितलं. काहींना मालीतल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीची गोष्ट सांगितली, काहींना आफ्रिकेतल्या दुष्काळाचे आकडे. रोकियासाठी सरासरी २.३८ डॉलर निघाले, आकड्यांसाठी १.१४. गोष्टीला आकडे जोडले तर रोकियाचेही कमी झाले, १.४३ वर आले. देणग्या गोळा करणाऱ्या संस्थांनी यातून काय शिकायचं ते शिकून घेतलं: एकच चेहरा दाखवा, मोठे डोळे दाखवा, बाकीचं झाका. पण मला यात धोक्याची घंटा ऐकू येते. ज्या गोष्टीनं खिशात हात जातो, तीच गोष्ट ‘अशा रोकिया इतक्या का?’ हा प्रश्न पुसून टाकू शकते. करुणेनं एका मुलीचं एक वेळचं जेवण निघतं. रेशन दुकानाचा हिशेब तिनं निघत नाही. त्यासाठी वेगळं सांगावं लागतं, आणि ते कसं, हे दाखवणारं एक भाषण मी पुन्हा पुन्हा वाचलं आहे.

२२ ऑगस्ट १९६४, अटलांटिक सिटी. डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन भरलेलं. मिसिसिपी राज्याचे अधिकृत प्रतिनिधी सगळे गोरे, कारण त्या राज्यात काळ्यांना मतदार यादीत येऊच देत नसत. त्यांच्याऐवजी आम्हाला बसवा, अशी मागणी घेऊन मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टीची माणसं आली होती. छाननी समितीपुढं फॅनी लू हेमर बोलायला बसल्या. वीस भावंडांत सगळ्यांत धाकटी, सहाव्या वर्षापासून कापूस वेचणारी, वाट्यानं शेती करणारी बाई. त्यांनी सुरुवात कशानं केली? नाव आणि घरचा पत्ता सांगून. घर क्रमांक, रस्ता, गाव रूलव्हिल, परगणा. पत्ता सांगणं म्हणजे घरावर गोळ्या झाडणाऱ्यांना ‘मी इथं राहते’ असं सगळ्या देशासमोर सांगणंच होतं.

मग त्या तारखा सांगत गेल्या. ३१ ऑगस्ट १९६२ ला आम्ही अठरा जण २६ मैलांवरच्या कचेरीत मतदार म्हणून नाव नोंदवायला गेलो. परतताना पोलिसांनी बस अडवली आणि बसचा रंग चुकीचा आहे म्हणून चालकाला दंड केला. त्याच संध्याकाळी मळ्याच्या मालकानं सांगितलं, अर्ज मागं घे नाहीतर चालती हो. अठरा वर्षं ज्या मळ्यावर राबले तो त्या रात्री सोडला. १० सप्टेंबरला मी उतरले होते त्या घरावर सोळा गोळ्या झाडल्या गेल्या. पुढच्या वर्षी जूनमध्ये विनोना गावच्या तुरुंगात मला कोठडीतल्या कैद्यांकरवी मारलं. आणि शेवटी त्यांनी समितीलाच विचारलं: स्वातंत्र्याचा देश म्हणवतो तो हाच का?

राष्ट्राध्यक्ष जॉन्सन या बाईच्या बोलण्याला इतके धास्तावले की त्यांनी ऐन वेळी स्वतःची पत्रकार परिषद जाहीर करून कॅमेरे तिकडं ओढून घेतले. वाहिन्यांनी रात्री तिचं भाषण दाखवलं ते दाखवलंच. पक्षानं दोन जागांची तडजोड पुढं केली, मिसिसिपीच्या मंडळींनी ती नाकारली. म्हणजे त्या दिवशी त्या हरल्या. मतदान हक्काचा कायदा झाला तो पुढच्या वर्षी, ६ ऑगस्ट १९६५ ला, आणि त्यात या भाषणाबरोबरच असंख्यांच्या मोर्च्यांचा आणि रक्ताचाही वाटा होता. एका गोष्टीनं कायदा होतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. पण समितीतल्या माणसांना निवड करायला भाग पाडणारं ते सांगणं होतं. ऐकून घेतलं, वाईट वाटलं आणि उठून गेलो, अशी सोय तिनं त्यांना ठेवली नव्हती.

१९६४च्याच उन्हाळ्यात मिसिसिपीत काम करायला हार्वर्ड सोडून एक तरुण गेला होता, मार्शल गँझ. बाप ज्यूंचा धर्मगुरू. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याबरोबर जर्मनीत असताना त्यानं छळछावण्यांतून वाचलेल्या माणसांमध्ये काम केलं, मुलानं ती माणसं लहानपणी पाहिली. मिसिसिपीतून गँझ कॅलिफोर्नियाला सेझार चावेझच्या शेतमजूर संघटनेत गेला आणि सोळा वर्षं तिथं राबला. १९६५ साली द्राक्षमळ्यांवर संप झाला, मग बहिष्कार. मजूर कुटुंबं दूरदूरच्या शहरांत जाऊन दुकानांपुढं उभी राहिली. आपले हाल सांगायचे आणि घरी जाणाऱ्या गृहिणीकडं एकच मागायचं: द्राक्षं घेऊ नका. एवढंच. तिला आज, या दुकानात, करता येईल असं. १९७० साली मळेवाल्यांनी करार केले.

गँझनं अठ्ठावीस वर्षांनी हार्वर्डला परत जाऊन पदवी घेतली आणि हे सगळं शिकवायला घेतलं. त्याची मांडणी साधी आहे: आधी माझी गोष्ट, मग आपली गोष्ट, मग आत्ताची गोष्ट. मला हे का वाटतं, आपल्याला सगळ्यांना जोडणारं त्यात काय आहे, आणि आज नेमकं काय करायचं. याचं मूळ तो हिलेल या प्राचीन ज्यू गुरूच्या तीन प्रश्नांत दाखवतो. २००७ पासून ओबामांच्या प्रचाराच्या शिबिरांत हजारो स्वयंसेवक या पद्धतीनं तयार झाले. दोन मिनिटांत आपली गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी ऐकून प्रश्न विचारायचे. त्यातला एक प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो: तेव्हा तू काय ठरवलंस? संकट सांगून थांबायचं नाही, त्या संकटात आपण काय निवडलं तेही सांगायचं. सोसणारा माणूस तिथं करणारा होतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की मलाही काही करता येईल.

ही पद्धत मला मनापासून पटते, पण तिचं पुढं जे झालं ते पटत नाही. आता ती स्लाइडवर बसवून कुठंही शिकवतात. कंपन्यांच्या प्रशिक्षणात शिकवतात, संस्थांच्या कार्यशाळांत शिकवतात. प्रत्येकाच्या आयुष्यात एक संकट आणि एक वळण हुडकून दिलं जातं. मग सगळ्यांच्या गोष्टी एका ठशाच्या निघतात. संघटना नाही, मागणी नाही, कुणाला जाब विचारायचा ते ठरलेलं नाही. अशा वेळी चांगलं सांगता येणं हे एक प्रदर्शनच होतं. माझ्या समजुतीनं या विद्येचा सगळ्यांत अस्सल वर्ग आपल्याच देशात भरला, आणि तोही अक्षरओळख नसलेल्या मजुरांचा.

राजस्थानातल्या राजसमंद जिल्ह्यात देवडुंगरी नावाची वस्ती आहे. अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह आणि त्यांचे सोबती १९८७ साली तिथल्या एका मातीच्या घरात राहायला गेले. १ मे १९९० रोजी भीम गावात मजदूर किसान शक्ती संघटना उभी राहिली. प्रश्न किमान वेतनाचा. दुष्काळी कामांवर मजूर दिवसभर खणायचे आणि हातात मजुरी कमी पडायची. विचारलं तर उत्तर ठरलेलं: मोजमापात तुमचं काम कमी भरलं. वहीत तसं लिहिलं आहे. वही दाखवा म्हटलं तर ती सरकारी, गुप्त. मजूर कितीही पोटतिडकीनं बोलला तरी साहेबाच्या कागदापुढं त्याचं बोलणं खोटं ठरायचं.

यातून जनसुनवाई निघाली. पहिली २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावात झाली. पद्धत अशी की आधी हजेरीपत्रकं, बिलं, व्हाउचरं मिळवायची. ती हाती आली की कार्यकर्ते घरोघर, वस्तीवस्तीत जाऊन लोकांना वाचून दाखवायचे. तुमचं नाव या कामावर इतके दिवस लागलं आहे, इतके रुपये दिल्याचं लिहिलं आहे, खरं का? मग ठरल्या दिवशी मोकळ्यावर मंडप, एक माइक, बाहेरून बोलावलेले वकील, पत्रकार, आणि अधिकारी-सरपंचांनाही निमंत्रण, कारण त्यांनाही उत्तर देता यावं. नावं वाचली जायची. एकेक माणूस उठून सांगायचा: मी त्या कामावर गेलोच नाही. मी तर तेव्हा गुजरातेत मजुरीला होतो. हे नाव माझ्या बापाचं आहे, तो वारून गेला. कुठं बांधलेली म्हणून दाखवलेली इमारत जागेवर नव्हती.

या पद्धतीत शिकवण कुठं झाली ते नीट पाहायला हवं. मंडपातल्या माइकवर ती झालीच नाही, आधीच्या आठवड्यांत ओसरीवर झाली. ज्या बाईला आजवर ‘माझ्यावर अन्याय झाला’ इतकंच म्हणता येत होतं, तिला आता ‘या पानावर, या ओळीत माझा अंगठा खोटा आहे’ असं म्हणता येऊ लागलं. शेजारणीचंही तसंच निघालं की भीती निम्मी कमी होते. सरपंच गावातलाच, सावकार गावातला, उद्या त्याच्याच दारात जायचं आहे. एकटीनं बोलणं म्हणजे वैर घेणं. चाळीस जणी बोलल्या की तो गावाचा हिशेब होतो. मला वाटतं, हिंमत हा स्वभावाचा गुण कमी आणि सोबतीचा जास्त आहे.

संघटनेतल्या सुशीला या कार्यकर्तीचं एक उत्तर पुढं देशभर गाजलं. माहितीचा अधिकार तुम्हाला कशाला हवा, असं दिल्लीत पत्रकारांनी विचारलं तेव्हा चौथीपर्यंत शिकलेल्या सुशीलानं सांगितलं की मी मुलाला दहा रुपये देऊन बाजारात पाठवते तेव्हा परत आल्यावर हिशेब मागते; सरकार माझ्या नावावर लाखो रुपये खर्च करतं, मग त्याचा हिशेब मी का मागू नये? घटनेतली कलमं सांगणारे विद्वान पुष्कळ होते. हा कायदा घरातल्या बाईचा झाला तो अशा बोलण्यानं. त्या बोलण्यात तिचं स्वयंपाकघर आहे, तिचा पोरगा आहे, आणि शेवटी साऱ्या देशाची मागणी आहे.

६ एप्रिल १९९६ पासून ब्यावर शहरात चाळीस दिवस धरणं चाललं. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा तिथून देशभर गेली. राजस्थानचा माहिती अधिकाराचा कायदा २००० साली आला. महाराष्ट्रात अण्णा हजारेंच्या आंदोलनानंतर २००२चा कायदा झाला, आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून माहितीचा अधिकार देशभर लागू झाला. त्याच वर्षीच्या रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्यात सामाजिक अंकेक्षण आलं, म्हणजे जनसुनवाईच कायद्यात जाऊन बसली. महाराष्ट्रातही २००७ पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. प्राथमिक आरोग्य केंद्राबाहेर मांडव घालून बायका डॉक्टरांसमोर सांगू लागल्या: कुठल्या दिवशी दार बंद होतं, कुठल्या औषधाची चिठ्ठी बाहेरची दिली, गाडी किती वाजता बोलावली आणि किती वाजता आली. समोर जिल्हा आरोग्य अधिकारी असले की उत्तर तिथल्या तिथं द्यावं लागतं.

सगळ्या गोष्टींना कागदाचा आधार नसतो. रूढीविरुद्ध कुठलं व्हाउचर दाखवणार? तिथं सांगणाऱ्याला स्वतःपासून सुरुवात करावी लागते. करमाळ्याचे सामाजिक कार्यकर्ते प्रमोद झिंजाडे यांनी करोनाच्या काळात आपल्या एका सहकाऱ्याच्या अंत्यविधीला त्याच्या बायकोच्या बांगड्या फोडताना, कुंकू पुसताना पाहिलं. असं आपण सगळ्यांनीच पाहिलेलं असतं, आणि मान खाली घालून परत आलेलो असतो. झिंजाड्यांनी प्रतिज्ञापत्र केलं की माझ्या मृत्यूनंतर माझ्या पत्नीवर ही सक्ती करू नये. मग ते इतरांना विचारू लागले. आपल्या मरणाचा विचार करून, आपल्या बायकोचं नाव घेऊन सांगणाऱ्या माणसाला ‘लोकांना उपदेश करतोय’ असं म्हणता येत नाही. त्यांच्या या प्रयत्नांतून कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं, सरपंच सुरगोंडा पाटील असताना, ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. दोन आठवड्यांच्या आत राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. ठरावानं चालीरीती एका दिवसात जात नाहीत, तेराव्याला जमलेल्या आत्या-मावश्या ठराव वाचून येत नाहीत. पण आता त्या ओटीवर एखाद्या सुनेला ‘आपल्या गावात ठराव झालाय’ म्हणता येतं. आधी तिच्यापाशी हेही नव्हतं.

आता एक कडू गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. सांगण्याची किंमत सांगणारा देतो. राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरीदेवी सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात साथिन, म्हणजे गावपातळीवरच्या कार्यकर्त्या, होत्या. बालविवाह थांबवायचा प्रयत्न केला म्हणून सप्टेंबर १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्या गप्प बसल्या नाहीत, पोलिसांत सांगितलं, न्यायालयात सांगितलं. १९९५ साली खालच्या न्यायालयानं आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं. त्यांच्यावर गुदरलेल्या प्रसंगातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं १३ ऑगस्ट १९९७ रोजी विशाखा निकाल दिला आणि २०१३ साली कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा झाला. आज बँकेतल्या, शाळेतल्या, आयटी कंपनीतल्या स्त्रीची तक्रार समितीपुढं जाते ती भंवरीदेवींच्या सांगण्यामुळे. स्वतः भंवरीदेवींना मात्र न्याय मिळाला नाही, उलट गावानं त्यांना वाळीत टाकलं.

म्हणून कुणाला सांगायला उभं करताना फार जपलं पाहिजे. आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या घरी कॅमेरे जातात, पुढारी जातात, संस्था जातात, आणि ती तरुण बाई तेच तेच पुन्हा सांगते. तिच्या डोळ्यांतलं पाणी अहवालाच्या मुखपृष्ठावर येतं, पीककर्जाचं काय झालं ते आत कुठंच येत नाही. माझ्या मते प्रत्येक कार्यकर्त्यानं आणि पत्रकारानं तिच्याशी आधी तीन गोष्टी बोलाव्यात. हे कुणाच्या कानी जाणार आहे, त्यातून काय मागणार आहोत, आणि नाही म्हणायची तिला पूर्ण मुभा आहे. ती नाही म्हणाली तर वही मिटून उठावं. सांगितल्यानंतर तिच्या पाठीशी कोण उभं राहणार, हे आधी ठरलेलं नसेल तर माइक तिच्या हातात देऊच नये.

शिकवायचं कसं, असं लोक विचारतात. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांत याचं उत्तर आहे: आधी पुष्कळ ऐकायचं. तिथं नवा माणूस येतो तो गप्प बसतो. दुसऱ्याच्या तोंडून आपलीच लबाडी, आपलेच बहाणे ऐकतो, आणि एक दिवस आपोआप बोलू लागतो. त्याला कुणी दुरुस्त करत नाही, कुणी हळहळत नाही. ऐकणारे त्याच वाटेनं आलेले असतात, त्यामुळे ते पोकळ शब्दाला फसत नाहीत. बचत गटाच्या मासिक बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर अर्धा तास यासाठी ठेवता येईल. एकीनं सांगावं, बाकीच्यांनी विचारावं: तारीख कुठली? तिथं कोण होतं? कागद आहे का? तू तेव्हा काय केलंस? आणि आता कुणाकडून काय हवं आहे? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात येईपर्यंत त्याच गोष्टीवर परत परत बसावं. सातबाऱ्यावर जिचं नाव लागलं नाही, त्या बाईची गोष्ट या पाच प्रश्नांतून गेली तर ‘वारस नोंदीचा माझा अर्ज कुठल्या टेबलावर आहे, तलाठी साहेब, आत्ता सांगा’ इथं येऊन थांबेल. मग टाळ्या वाजवायला कुणाला सवड राहणार नाही.

महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी स्त्रियांची स्वतंत्र ग्रामसभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. अनेक गावांत ती कागदावरच होते, घरोघर फिरून सह्या घेतल्या जातात. येत्या २६ जानेवारीला बहुतेक गावांत ग्रामसभा भरेल. त्याआधीची महिला सभा तुमच्या गावात खरोखर भरवा. एक सतरंजी, एक वही आणि ग्रामसेवक एवढं पुरे. दोघी-तिघींनी आधी आपसांत बसून आपली गोष्ट आणि आपली मागणी पक्की करावी, मग सभेत सांगावी, आणि ती इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय उठू नये. लिहिलेल्याची प्रत मागा. ती मिळाली नाही तर माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात, आणि अर्ज हातानं साध्या कागदावर लिहिला तरी चालतो.